अरिशतचे तळवे

मित्रांनो, मी एक जुनी घोंगडी आहे. मेंढीच्या मऊ लोकरीची नव्हे, काळ्या बकऱ्यांच्या राठ केसांची. थंडीने कुडकुडणारा माणूससुद्धा मला पांघरण्याआधी दोनदा विचार करील, इतकी मी टोचते. टोचावं म्हणूनच मला विणलं होतं.

आफ्रिकेतल्या आमच्या गावाबाहेर एक म्हातारी बकऱ्या राखायची. तिने मला विणलं आणि गावातल्या ख्रिस्ती मंडळीला देऊन टाकलं. "पायाखाली घालणार ना? मग गाठी राहू देत," असं ती म्हणाली आणि माझ्यावरून एकदा हात फिरवून गेली. त्यानंतर माझ्यावरून कोणी हात फिरवला नाही.

माझं काम सांगते. ज्याला बाप्तिस्मा हवा असे, त्याने आधी तीन वर्षं नुसतं ऐकायचं. रविवारी दाराजवळ बसायचं. प्रवचन संपून प्रार्थनेची आणि भाकरीची वेळ झाली की, "ऐकणाऱ्यांनो, बाहेर," अशी हाक यायची आणि ही माणसं मुकाट उठून उन्हात जाऊन बसायची. आत पुढे काय चालतं, ते त्यांना कोणी सांगायचं नाही. तीन वर्षं भरली की वसंतातल्या मोठ्या सणाआधी त्यांना माझ्यावर उभं करत. अनवाणी, अंगात एकच सदरा, मान खाली. शिकवणारे मेत्तुन गुरुजी त्यांच्या तोंडावर फुंकर घालून सैतानाला हाकलत आणि मग विचारत, "याच्याबद्दल कोण बोलतं?" ज्याने त्या माणसाला मंडळीत आणलेलं असे, त्याने पुढे येऊन ग्वाही द्यायची. याने विधवांना जेवू घातलं, आजाऱ्यांची विचारपूस केली, असं सांगायचं. ग्वाही झाली की माणूस पाण्याकडे जाई. पाण्यातून वर आलं की पांढरे कपडे, दूध आणि मध. ते दूध-मध मी कधी पाहिलं नाही. मला दाराशीच गुंडाळून ठेवत.

पण मला तळवे कळतात. भ्यालेल्या माणसाचे तळवे ओले होतात. खोटं बोलणाऱ्याची बोटं माझ्यात रुततात. मेत्तुन गुरुजीसुद्धा तरुणपणी माझ्यावर उभे राहिले होते. त्यांचे तळवे घामाने निथळत होते.

अरिशत मातीचे दिवे करायची. तिच्या दिव्यांवर चंद्र, देवी, रथ असं काय काय उठवलेलं असे आणि बाजारात ते हातोहात खपत. ती ऐकायला येऊ लागली तेव्हा गुरुजींनी बजावलं, "देवांचे दिवे करणारीला इथे जागा नाही." तिने घरी जाऊन सगळे साचे स्वतःच्या हातांनी फोडले. पुढे साधे दिवे केले, ते कोणी घेईना.

तिची शेजारीण दोनाता हिनेच तिला मंडळीत आणलं होतं. ती मस्करी करायची, "बाई, तुझे दिवे इतके साधे झालेत, की पेटवायचासुद्धा कंटाळा येतो."

"फुकट नेलायस ना? मग पेटव गुमान," अरिशत म्हणायची.

तिला तीन वर्षं पूर्ण व्हायला दोन महिने उरले होते. तेवढ्यात सम्राटाचा हुकूम आला. ख्रिस्ती लोकांची धर्मपुस्तकं जाळा, प्रार्थनाघरं पाडा, प्रत्येकाला चौकात सम्राटाच्या देवांपुढे धूप टाकायला लावा. गुरुजींनी पुस्तक माझ्यात गुंडाळलं आणि भर दुपारी अरिशतचं घर गाठलं.

"हे तुझ्याकडे ठेव. तू अजून आमच्यातली नाहीस. तुझ्याकडे कोण शोधणार?"

"आमच्यातली नाही, पण पुस्तक सांभाळायला चालते होय, गुरुजी?"

"ही चेष्टेची वेळ आहे का?"

"ठेवा त्या भट्टीत. हल्ली ती थंडच असते."

शिपाई दुसऱ्याच दिवशी आले. दाराजवळ बसणाऱ्यांचीही नावं कोणीतरी सांगितली होती. मी भट्टीच्या राखेत पडून सगळं ऐकत होते.

"पुस्तक कुठंय?"

"मी नुसती ऐकणारी आहे, साहेब. मला आत घेत नाहीत."

त्यांनी तिच्या उजव्या हाताची बोटं एकेक करून मोडली. ज्या बोटांनी ती चाकावर माती वर ओढायची, ती बोटं. ती ओरडली, रडली, पण भट्टीचं नाव तिने काढलं नाही. शिपाई हात हलवत परत गेले.

तिसऱ्या दिवशी ते पुन्हा आले. या वेळी त्यांच्यासोबत मेत्तुन गुरुजी होते. मित्रांनो, त्यांच्या अंगावर साधा ओरखडाही नव्हता. भट्टीत हात घालून त्यांनी मला स्वतः बाहेर ओढलं, उलगडलं आणि पुस्तक शिपायांच्या हाती दिलं. अरिशत हाताला चिंध्या बांधून भिंतीशी बसली होती. दोनाता कुंपणापलीकडून पाहत होती. गुरुजींनी मला बगलेत मारलं आणि खाली मान घालून निघून गेले.

दोन वर्षांनी हुकूम थंडावला आणि मंडळी पुन्हा जमू लागली. गुरुजी पुन्हा शिकवू लागले. पुस्तकाचं काय झालं, असं लोक विचारायचे तेव्हा ते म्हणायचे, "अरिशतच्या भट्टीत सापडलं." त्यात एक शब्दही खोटा नव्हता. पण गावाने समजायचं ते समजून घेतलं, की पुस्तक तिनेच शिपायांना दिलं. बाजारात बायका तिला पाहून पदर सावरून बाजूला होऊ लागल्या.

अरिशत मात्र दर रविवारी येत राहिली आणि हाक आली की उठून बाहेर जात राहिली. तिचं भिजत घोंगडं आता पाच वर्षांचं झालं होतं. शेवटी सणाआधी तिला माझ्यावर उभं केलं.

मातीत काम करून भेगाळलेले ते तळवे कोरडे होते, आणि स्थिर. तिची बोटं माझ्यात रुतली नाहीत.

"हिच्याबद्दल कोण बोलतं?" गुरुजींनी विचारलं.

दोनाता पुढे आली. तिने सगळं पाहिलं होतं. पण शिपाई आले त्याच आठवड्यात ती चौकात जाऊन चिमूटभर धूप टाकून आली होती आणि ते गुरुजींना माहीत होतं. त्यांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं.

"मला... नक्की काही सांगता येत नाही," दोनाता म्हणाली.

"बाई," गुरुजी अरिशतला म्हणाले, "आणखी तीन वर्षं ऐक. घाई बरी नव्हे."

"ऐकते की," अरिशत म्हणाली. "पण गुरुजी, मला वाचता येत नाही. त्या पुस्तकात काय होतं ते तुम्ही मला अर्धंच सांगितलंत. मी तर अख्खं सांभाळलं होतं."

ती माझ्यावरून उतरली. तेव्हा मला पहिल्यांदा वाचा नसल्याचा राग आला. आजही येतो. सैतानाला हाकलायला मला अंथरतात म्हणे. तो तर समोर उभा राहून प्रश्न विचारत होता.

त्याच वर्षी हिवाळ्यात अरिशत तापाने पडली. एका सकाळी दोनाता धापा टाकत गुरुजींकडे आली. "ती जातेय. पाणी घाला तिच्यावर. लगेच चला."

गुरुजी निघाले, पण मला घेऊन. "आधी रीत व्हायला हवी," ते म्हणाले. पाण्याचा तांब्या खाली ठेवून त्यांनी मला खाटेवर तिच्या पायांखाली सरकवलं. तिला उभं राहवत नव्हतं. ते तळवे तापाने भाजत होते. गुरुजींनी फुंकर घातली, सावकाश सगळे मंत्र म्हटले आणि विचारलं, "हिच्याबद्दल कोण बोलतं?"

"मी बोलते," दोनाता म्हणाली. "मी कुंपणापाशी होते, गुरुजी. भट्टीत हात तुम्ही घातलात. हिने तोंड उघडलं नाही. मी धूप टाकला, तेही सांगते. लिहून घ्या हवं तर. पण पाणी घाला."

गुरुजींचा हात तांब्याकडे गेला आणि तिथेच थांबला. किती वेळ थांबला ते मला ठाऊक नाही. मला एवढंच कळलं, की माझ्यावरचे तळवे आधी कोमट झाले आणि मग गार.

ते दोघं अजून एकमेकांकडे पाहत होते. त्या घरात ते फक्त मला कळलं होतं.

मित्रांनो, आता माझे केस गळलेत, कडा उसवल्यात. मला ऊन दाखवा, कसर लागू देऊ नका, असं काही मी मागत नाही. मला फेकलंत तरी चालेल. पण तुमच्यासमोर कोणी मान खाली घालून उभं असेल आणि त्याच्याबद्दल तुम्हाला खरं ठाऊक असेल, तर त्याचे पाय गरम असतानाच बोला.