फर्डिनंडच्या शर्टाचा लाल

"आता तो वळेल आणि हसेल," ज्युलीबाय म्हणाली, आणि खुर्चीवर टेकवलेल्या आरशात तिचा नवरा फर्डिनंड वळून हसला.

जयवंत टीव्हीच्या पाठीमागे उकिडवा बसला होता. झाकण काढलेलं, हातात बारीक स्क्रूड्रायव्हर. रंग आतल्या तीन स्क्रूंवर जुळवायचे असतात. मागून पडदा दिसत नाही, म्हणून समोर आरसा. कॅसेट आता हयात नसलेल्या फर्डिनंडच्या साठीच्या वाढदिवसाची होती. तिचा आवाज केव्हाच गेला होता. सांडोर गावातल्या त्या घरात भर दुपारी फक्त व्हीसीआरची घरघर होती.

टीव्ही फर्डिनंडनंच ऐंशी साली कुवेतहून आणलेला. तिकडे रंगीत प्रक्षेपण होतं, इकडे नव्हतं. दोन वर्षं अख्ख्या आळीनं रंगीत टीव्हीवर काळंपांढरं पाहिलं. ब्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये रंग आला, तेव्हा ज्युलीबायच्या ओटीवर माणसं मावेनात. जयवंत तेव्हा पंचवीस वर्षांचा, दुरुस्ती नुकती शिकलेला. लोक पडद्यावरचे फेटे नि फुलं बघून हरखले होते. त्याला मात्र लाल आणि हिरवा, दोन्ही सारखेच मातकट दिसत होते.

हे त्यानं फक्त बायकोला, मीराला सांगितलं. पुढे कित्येक वर्षं ती त्याच्याबरोबर घरोघर गेली. तो मागून स्क्रू फिरवी, ती समोरून सांगे, लाल जास्त झाला, आता चेहरे बरे आहेत. लोकांना वाटे, हौशी जोडपं आहे. मीरा गेली आणि त्यानं रंगाची कामं सोडली. आज ज्युलीबायनं तीनदा निरोप धाडला, म्हणून दोन वर्षांनी तो आला होता.

"लाल कसा वाटतोय?" त्यानं विचारलं.

"थोडा कमी कर."

त्यानं स्क्रू फिरवला. आत कुठलीशी वायर सुटली आणि आरशातला पडदा गप्पकन काळा झाला.

"आता केक कापतायत," ज्युलीबाय सांगतच होती. "त्याच्या बाहीला क्रीम लागलंय बघ. हां, आता लाल बरोबर आहे."

जयवंतनं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. उठून त्यानं टीव्हीवरून वाकून पाहिलं. ती पडद्याच्या वीतभर डावीकडे, कोऱ्या भिंतीकडे बघून हसत होती.

"बाय," तो हळूच म्हणाला, "टीव्ही बंद पडलाय."

कॅसेट घरघरत राहिली. ज्युलीबायचं हसू हळूहळू मिटलं.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"दोन पावसाळे झाले. मागच्या रविवारी माझा मुलगा ॲन्सेल्म आला, तर टीव्हीवर सगळे चेहरे हिरवे. मी म्हटलं, छान दिसतंय की. तेव्हापासून त्याला संशय आहे. आज परत येतोय. कळलं तर घराला कुलूप लावून मला विरारच्या फ्लॅटवर नेईल." ती थांबली. "इथे मला सगळं दिसतं रे. तिथे मी आंधळी होईन."

"मग मलाच का बोलावलं?"

"तुला लाल दिसत नाही ना. मीरानं केव्हाच सांगितलं होतं. तू कुणाला बोलणार नाहीस."

जयवंत परत खाली बसला. वायर जोडली. पडदा उजळला. ज्युलीबाय उठली, मोजून तीन पावलं चालली आणि काचेवर तळहात ठेवला. आरशात त्याला दिसलं, काचेवरच्या विजेनं तिच्या मनगटावरचे पांढरे केस ताठ उभे राहिले होते.

"फिरव, तळव्याला कळतं मला," ती म्हणाली. "अजून. अजून. थांब, मागे घे जरा. बस."

'बस' म्हणताना मीराचा आवाजही शेवटी असाच खाली उतरायचा. जयवंतनं मान वर करून पाहायचं टाळलं.

तो झाकण लावत असताना ॲन्सेल्म आला. चपला काढता काढता त्याची नजर पडद्यावर गेली आणि तो उंबऱ्यातच थांबला.

"पपांचा तो शर्ट," तो म्हणाला. "अगदी हाच लाल होता." मग आईकडे बघून, "मम्मी, तुला नीट दिसतंय हे?"

"तुमच्या मम्मीनंच जुळवलाय रंग," जयवंत म्हणाला. "मी चुकत होतो. त्यांनी सुधारून घेतलं."

ॲन्सेल्म खुर्ची ओढून पडद्यासमोर बसला आणि वडिलांना बघत राहिला.

जयवंतनं पिशवी उचलली. ज्युलीबाय त्याला सोडायला दारापर्यंत आली आणि निरोपाला हात पुढे केला. तिथे कुणीच नव्हतं. जयवंत एक पाऊल बाजूला सरकला आणि त्या हातासमोर जाऊन उभा राहिला.