दोन फुटी लाकडं

लाकूड भट्टीत शिरलं, पण आठ इंच बाहेरच राहिलं. आर्लीनने ते तिरकं करून पाहिलं, मग उलटं फिरवून पाहिलं. दुकानातला विक्रेता हात मागे बांधून उभा होता. घर तापवायची भट्टी विकत घ्यायला आलेलं गिऱ्हाईक घरून सोबत लाकूड घेऊन येतं, हे त्याने बहुधा पहिल्यांदाच पाहिलं असावं.

"मॅडम, ही सोळा इंचांची आहे," तो म्हणाला. "फार ओढून ताणून अठरा. चोवीस इंचांचं लाकूड हिच्यात जाणार नाही."

"मग याहून मोठी दाखव."

"मोठी तुमच्या शेकोटीच्या कोनाड्यात बसणार नाही. मापं तुम्हीच दिलीत ना?"

"आमची जुनी भट्टी त्याच कोनाड्यात बसली होती, आणि तिच्यात हे लाकूड आरामात जायचं."

"जुन्या म्हणजे नुसत्या लोखंडी पेट्या होत्या हो. निम्मी ऊब धुराड्यातून वर जायची. हिला आतून विटांचं अस्तर आहे, म्हणून जागा कमी. पण लाकूडही निम्मंच लागतं."

"आई, ते लाकूड आधी खाली ठेव," डेनिस हळूच म्हणाली. "लोक बघतायत."

"बघू देत. लाकूडच आहे, दारूची बाटली नाही."

डेनिस ही आर्लीनची एकुलती एक लेक. चार तासांच्या अंतरावर, बँगर शहरात दातांच्या डॉक्टरकडे कामाला होती. आईच्या भट्टीचा प्रश्न एकदाचा निकालात काढायचा म्हणून शुक्रवारी आली होती आणि रविवारी तिला परत जायचं होतं. सप्टेंबर अर्धा सरला होता. नदीपलीकडे कॅनडाच्या बाजूची झाडं लाल व्हायला लागली होती, आणि या खोऱ्यात भट्टीवाचून ऑक्टोबर काढणं म्हणजे जिवाशी खेळ होता.

प्रश्न तसा साधा होता. नवी भट्टी घ्यायची की ओळखीच्या वेलंड टटलकडची वापरलेली? डेनिसच्या मते यात प्रश्नच नव्हता. नवी स्वच्छ, नवी सुरक्षित, नवीला काम कमी. आर्लीन प्रत्येक वेळी मान डोलवायची आणि म्हणायची, "पण लाकडांचं काय?"

लाकडं रेनॉल्डची होती. रेनॉल्ड, तिचा नवरा, मार्चमध्ये गेला. चव्वेचाळीस वर्षं त्याने गावच्या रस्त्यांवरचा बर्फ ढकलायची गाडी चालवली आणि चव्वेचाळीस वर्षं स्वतःच्या रानातलं सरपण स्वतः तोडलं, दोन फुटांचं मापून कापलं, फोडलं आणि मागच्या शेडमध्ये रचलं. या खोऱ्यात एक हिवाळा पुढचं सरपण ज्याच्याकडे असतं त्याला लोक शहाणा म्हणतात. रेनॉल्ड तीन हिवाळे पुढे होता, आणि त्याला त्याचा लेकीच्या पदवीपेक्षा जास्त अभिमान होता. पाहुणा आला की कॉफीच्या आधी शेड दाखवायचा. फुफ्फुसांचा आजार कळल्यावरही मागच्या वर्षीच्या वसंतात त्याने नेहमीएवढं तोडलं. जरा थांबत थांबत तोडलं, इतकंच.

म्हणजे माणूस गेला होता, पण तीन हिवाळ्यांची त्याची ऊब शेडमध्ये रचून ठेवलेली होती. आर्लीनने हे कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. सकाळी उठून एक लाकूड आणायचं, त्याच्या हातचं, आणि ते जळताना बघत कॉफी प्यायची. असे तीन हिवाळे. त्यापुढचा विचार तिने केला नव्हता, आणि तिला करायचाही नव्हता.

पण ऑगस्टमध्ये वेंडेल धुराडं साफ करायला आला. लहानपणी तो शाळेत आर्लीनच्या हातचं जेवलेला, त्यामुळे पन्नाशीला आला तरी तिला मिसेस पेल्टियरच म्हणायचा. त्याने बॅटरी घेऊन भट्टीत डोकं घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलं नाही.

"मिसेस पेल्टियर, भट्टीची पाठ तडकलीय. आरपार. हिच्यात आता काडीसुद्धा पेटवायची नाही."

"कशानं तडकली?"

"फार तापवलीय कुणीतरी. लाल होईपर्यंत."

कुणी तापवली ते आर्लीनला ठाऊक होतं. फेब्रुवारीत रेनॉल्डची खाट शेकोटीसमोर आणून ठेवली होती आणि त्याला सारखी थंडी वाजायची. मोठी लाकडं तिला उचलवत नव्हती. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं पातेली उचलून तिचा उजवा खांदा कामातून गेला होता. म्हणून ती पेटवणीच्या बारीक ढलप्या भट्टीत ठासून भरायची आणि हवेची फट पूर्ण उघडी ठेवायची. बारीक लाकूड भडाभडा जळतं. एका दुपारी भट्टीची पाठ लाल झाली.

रेनॉल्डने आयुष्यभर याच गोष्टीवरून तिला बोल लावले होते. फट जरा जास्त उघडी राहिली की दुसऱ्या खोलीतून ओरडायचा, घर जाळतेस का म्हणून. त्या दुपारी तो खाटेवरून लाल झालेल्या लोखंडाकडे बघत होता आणि काही बोलला नाही. त्याने फक्त पांघरुणातून हात बाहेर काढून ऊब घेतली. डॉक्टर अजून दोन महिने म्हणत होते, पण आर्लीनला त्याच दुपारी कळलं की तो आता फार दिवस राहत नाही. ती स्वयंपाकघरात जाऊन रडली आणि परत येऊन आणखी ढलप्या घातल्या.

दुकानातून बाहेर पडल्यावर तिने लाकूड गाडीत पुढच्या सीटवर ठेवलं. मेपलचं जड लाकूड, गाडी लगेच सीटच्या पट्ट्यासाठी ठणाणा करायला लागली. सकाळीही तेच झालं होतं. आर्लीनने मुकाट्याने लाकडाला पट्टा बांधला आणि डेनिस मागे बसली.

"बाबांची जागा लाकडाला, आणि मी मागं," डेनिस म्हणाली.

"तू लहानपणीही मागंच बसायचीस. चल, वेलंडकडे जाऊ."

वेलंड टटल ऐंशीचा होता. त्याची बायको आता वृद्धांच्या शुश्रूषागृहात होती, तो घर विकून तिच्या जवळपास खोली घेणार होता. निम्मं सामान खोक्यांत गेलं होतं. भट्टी मात्र अजून कोनाड्यात होती, आणि ती बघून आर्लीन दारातच थांबली. हुबेहूब त्यांच्या भट्टीसारखी. तोच काळा रंग, तीच दोन दारं, तीच तारेच्या गुंडाळीची मूठ.

"एकाच वर्षी घेतलेल्या आपण," वेलंड म्हणाला. "रेनॉल्डनं आणि मी एकाच गाडीतून आणल्या. आमची फारशी पेटली नाही. बायकोला राखेचा त्रास. वेंडेल पाहून गेलाय, एक तडा नाही म्हणाला."

आर्लीन गुडघ्यांवर बसली आणि तिने दोन्ही हातांनी लाकूड आत सरकवलं. ते पार आत गेलं आणि वर बोटभर जागा उरली.

"बसलं," ती म्हणाली.

"रेनॉल्डनं मापलंय. बसणारच."

"मी घेते ही."

"आई, घरी जाऊन बोलूया ना," डेनिस म्हणाली.

"बोलायचं काय आहे त्यात? सगळी लाकडं जशीच्या तशी जातील."

वेलंडने पुढे होऊन लाकूड बाहेर काढलं आणि फरशीवर ठेवलं.

"घ्या ना. पण असं दोन हातांनी नाही. हे दार सोडलं की आपसूक मिटतं आणि तापलेलं असलं तर हात भाजतो, तुमच्याकडचंही मिटत असणार. डाव्या हातानं दार धरायचं आणि उजव्या हातानं लाकूड घालायचं. करून दाखवा."

"आता भट्टी थंड आहे."

"जानेवारीत नसेल."

आर्लीनने डाव्या हाताने दार धरलं. उजव्या हाताने लाकूड मधोमध पकडलं, जमिनीपासून वीतभर उचललं, आणि ते हातातून सुटलं. दुसऱ्यांदा तिने एका टोकाला धरलं. लाकूड दाराच्या कडेला आपटून खाली आलं. डेनिस पुढे झाली.

"तिला करू दे," वेलंड तिला म्हणाला. "हिवाळ्यात तू नसशील."

तिसऱ्यांदा लाकूड कडेपर्यंत गेलं. तिथे आर्लीनचा खांदा थरथरायला लागला आणि तिने दार सोडून दोन्ही हात लावले. दार हळूच येऊन तिच्या मनगटाला टेकलं. थंड होतं, म्हणून निभावलं. ती तशीच फरशीवर बसून राहिली.

"तो एका हातानं टाकायचा," ती म्हणाली.

"मीही टाकायचो."

"वेलंड, तुम्ही मला ही विकायला बोलावलंत की न विकायला?"

"माझी विकली जाईल हो. एखादा तिशीतला येईल आणि उचलून नेईल. पण तुम्ही भाजलात तर वर गेल्यावर रेनॉल्ड माझी हजेरी घेईल, आणि मला फार दिवस उरलेले नाहीत."

आर्लीनला हसू आलं. मग हसू गेलं आणि तिला रडू आलं, दोन परक्या खोक्यांच्या मधे, चांगलं मोठ्याने. वेलंड खिडकीबाहेर बघत उभा राहिला. डेनिस आईशेजारी फरशीवर बसली.

घरी जाताना बटाट्यांच्या शेतांवरून धूळ उडत होती.

"नवीच घेऊया," शेवटी आर्लीन म्हणाली.

"लाकडं कापून घेऊ की. वेंडेल यंत्र लावेल, दोन दिवसांत होतील."

"नाही. त्याच्या एकेका लाकडाचे आठ आठ इंच छाटायचे नाहीत. त्यानं मापून ठेवलीत ती."

"मग करणार काय त्यांचं?"

"वेंडेलकडे अंगणात घर तापवायचा मोठा बंब आहे. तो दोन फुटीच खातो. लाकडाला लाकूड घेऊ."

खोऱ्यात असे बदले होत असतात. एकाकडे मेपल जास्त, दुसऱ्याकडे बर्च जास्त, रांगेला रांग देऊन टाकायची. वेंडेलकडे त्याच्या भावाने कापलेलं सोळा इंची सरपण होतं, चांगलं वाळलेलं. तो लगेच कबूल झाला. मात्र रेनॉल्डची शेड रिकामी करायची म्हटल्यावर त्याने डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली.

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी तो गाडी घेऊन आला. नवी भट्टी दोन दिवसांपूर्वीच बसली होती. दिवसभर त्याच्या खेपा चालल्या. आर्लीनने त्याला गुळाच्या पाकातल्या घेवड्यांचं जेवण वाढलं, कॉफी दिली, आणि उरलेला वेळ शेडच्या दाराशी उभी राहिली. आधी या हिवाळ्याची रांग गेली, मग पुढच्या. शेवटची खेप दुपारी चारला भरली. ती मागच्या वर्षीच्या वसंतात त्याने तोडलेली लाकडं होती.

"काय लाकूड आहे हो," वेंडेल गाडीची मागची फळी लावता लावता म्हणाला. "एकसारखं. दोन वर्षांपूर्वी मी त्यांना म्हणालो होतो, सोळा इंची भट्टी घ्या आता, मिसेस पेल्टियरना उचलायला सोपं पडेल. तर माझ्यावरच उखडले. म्हणाले, 'तिला कशाला उचलावं लागेल? मी आहे ना.'"

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं आणि तो फळीच्या कडीशी चाळा करत राहिला.

"असं म्हणाला?" आर्लीनने विचारलं.

"हो."

"अगदी असंच?"

"अगदी असंच."

"बरं. तू जा, तुझी लाकडं घेऊन ये. तोवर मी झाडून घेते."

गाडी उतारावरून दिसेनाशी झाली. आर्लीन झाडू घेऊन शेडमध्ये शिरली. लग्नानंतरच्या वर्षी ही शेड बांधली तेव्हापासून ती कधी रिकामी झाली नव्हती, त्याने होऊच दिली नव्हती. मागच्या भिंतीच्या फळ्यांमध्ये बोट बोट फटी होत्या आणि त्यांतून उन्हाच्या पट्ट्या थेट दारापर्यंत आल्या होत्या. पलीकडची नदी दिसत होती. एवढी वर्षं इथून नदी दिसते हेच तिला माहीत नव्हतं.

तिने साली आणि भुसा झाडून एका कोपऱ्यात केला. वेंडेल पहिली खेप ओतून पुढच्या खेपेसाठी गेला, तेव्हा तिने ढिगातलं एक लाकूड उजव्या हाताने उचललं. सहज उचललं गेलं. ते तिने मागच्या भिंतीशी नीट आडवं ठेवलं, आणि दुसरं आणायला वळली.