हुंकाराविना

“आणि मग?” पाऊलबाईंनी विचारलं.

टेबलाच्या कडेवर बसलेल्या मुलीने घडाघडा म्हणून दाखवलं, “आधी मोजा. मग मोज्याची सुरकुती काढायची. मग पाय आत. मग उभं राहून दाबायचं. मग पट्टा.”

“शाब्बास. आता करून दाखव.”

मुलगी हलली नाही. मांडीवर मऊ मोजा, शेजारी नवाकोरा पाय, आणि नजर समोर उभ्या असलेल्या आईच्या ओठांवर.

“हं,” आई म्हणाली.

मोजा चढला. मग पुन्हा सगळं थांबलं.

“हं, पुढे?”

सुरकुती निघाली. पुन्हा तेच थांबणं, पुन्हा ती वर उचललेली हनुवटी.

“राणीसरकार आहेत!” दारातून साचेकाका म्हणाले. कोपरापर्यंत प्लास्टरने माखलेले हात अंगापासून लांब धरून ते असे मधूनमधून डोकावत. “प्रधानांनी पुकारल्याशिवाय हलायचं नाही, असा रिवाज दिसतो दरबारचा.”

मुलगी खुदकन हसली. आई मात्र हसली नाही.

कृत्रिम पाय तयार करणाऱ्या त्या कार्यशाळेत साचेकाका साचे घेत आणि पाय घडवत. घडलेल्या पायांनी चालायला शिकवणं हे पाऊलबाईंचं काम. त्यांना हे नाव कुणा मुलानेच कधीतरी ठेवलं होतं आणि आता पगार देणारा कारकूनही तेच वापरत असे. त्यांची खोली लांबट होती. मधोमध धरून चालायच्या दोन समांतर दांड्या, टोकाला माणूसभर उंचीचा आरसा, आणि भिंतीवरच्या फळीवर हारीने मांडलेली पावलं: लहान, मोठी, डावी, उजवी, कुठेही न निघालेली. शेजारच्या खोलीतून प्लास्टरची धूळ येई आणि खिडकीतल्या उजेडात इतकी सावकाश तरंगत राही की त्या खोलीत वेळालाही कुणीतरी चालायला शिकवत असावं असं वाटे.

सातेक वर्षांची ही मुलगी जन्मली तेव्हापासूनच तिचा डावा पाय गुडघ्याखाली संपत होता. वाढत्या वयाबरोबर जुने पाय तोकडे पडत गेले, नवे येत गेले. पण प्रत्येक सकाळी तो चढवणारे हात एकच होते, आईचे. आताही मुलीला टेबलावरच बसवून आई दांड्यांपासून दूर, खिडकीशी आली आणि हलक्या आवाजात बोलू लागली.

“बाई, पुढच्या आठवड्यापासून मला पहाटेची पाळी आहे. इस्पितळाच्या धुलाईघरात. नाही म्हटलं तर दुसरी कुणीतरी टपलेलीच आहे. खालच्या मजल्यावरच्या आजी हिला शाळेत सोडते म्हणाल्यात, पण त्यांना जिना चढवत नाही. पाय घालून खाली उतरणं हिचं हिलाच जमायला हवं.”

“आणि नाही जमलं तर?”

“तर माझी बहीण आहे दुसऱ्या गावात. कधीपासून मागे लागलीय, पाठव म्हणून.” आईने खिडकीच्या चौकटीवरची धूळ बोटाने पुसली. “वाईट नाहीये हो ती. जीव लावेल. हिचा पाय आयुष्यभर चढवत बसेल. तीच तर भीती आहे.”

पाऊलबाईंनी आपली नेहमीची आयुधं काढली. क्रमाने लावलेली चित्रं भिंतीवर डकवली. टाळीच्या तालावर म्हणायचं एक गाणं रचलं. पायऱ्या उलट्या क्रमाने विचारल्या, मधलीच एखादी विचारली. मुलगी कुठेही अडली नाही. साचेकाकांनी मुद्दाम चुकीचं सांगून पाहिलं, “आधी पट्टा, मग मोजा ना गं?” तेव्हा ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, “काका, तुम्ही पाय करता आणि तुम्हालाच माहीत नाही?”

म्हणजे विसरण्याचा प्रश्न नव्हता. हातात ताकद होती, डोक्यात क्रम होता; दोहोंच्या मध्ये कुठेतरी एक दार होतं आणि ते बाहेरून उघडत होतं. ते दार कसलं हे पाऊलबाईंना कळेना.

ते कळलं त्यांना घरी, संध्याकाळी, चहाचं आधण ठेवताना.

नवरा गेल्याला बराच काळ लोटला होता. तो घड्याळं दुरुस्त करी आणि घरीही डोळ्याला भिंग लावून बसलेला असे. “भाजी आणली बरं का,” असं त्या म्हणत, तिकडून येई, “हं.” “आज एक मुलगा पहिल्यांदा जिना चढला,” असं सांगत, “हं.” त्या ‘हं’मध्ये ऐकलेलं किती आणि न ऐकलेलं किती याचा हिशेब त्यांनी कधी मांडला नव्हता. उलट, “भिंतीशी बोलते मी,” असं म्हणून त्या कितीदा तरी डाफरल्या होत्या, आणि त्यावरही तिकडून “हं” असंच उत्तर आलं होतं. मग एक दिवस ते यायचं थांबलं. तेव्हापासून घरातली कामं पूर्वीसारखीच होत, पण प्रत्येक दोन कामांच्या मध्ये एक फट राहू लागली. आताही त्यांनी पाण्यात साखर घातली, “साखर कमी घातलीय हं,” असं अर्धवट पुटपुटल्या, आणि हातातला चमचा तसाच धरून उभ्या राहिल्या. पाणी उकळून उकळून निम्मं झालं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की आपण काही विसरलेलो नाही. आपण थांबलो आहोत. गोष्ट सांगणारा जसा हुंकारासाठी थांबतो, तसे.

खोलीत हळूहळू वाफ भरत गेली आणि त्या वाफेत त्यांना टेबलाच्या कडेवर बसलेली ती मुलगी दिसली, हनुवटी वर उचललेली.

“तिला पायऱ्या शिकवायच्याच नाहीयेत,” दुसऱ्या दिवशी त्यांनी आईला व्हरांड्यात गाठून सांगितलं. “तुमचा ‘हं’ काढून घ्यायचाय.”

“म्हणजे?”

“प्रत्येक पायरीनंतर तुम्ही ‘हं’ म्हणता. तिच्या लेखी पायरी तिथे पुरी होते. पुढची त्याच्यातूनच उगवते.”

आईचा चेहरा उतरला. “म्हणजे माझंच चुकलं म्हणा की.”

“चुकलं कुठे? बोट धरल्याशिवाय कुणी चालायला शिकतं का? पण बोट सोडायचंही असतं, आणि ते असं हिसकून नाही सोडायचं. पातळ करत न्यायचं.”

आणि त्यांनी ते पातळ करत नेलं. आधी ‘हं’ नुसता कुजबुजण्याइतका उरला. मग आवाज गेला, मान हलणं राहिलं. मग मानही स्थिर झाली आणि उरली फक्त पापण्यांची उघडझाप. मुलगी त्या घटत्या खुणांमागून वाळूत झिरपणाऱ्या पाण्यामागे जावं तशी जात राहिली. दरवेळी थोडी जास्त थांबे, डोळे बारीक करून शोधे, सापडलं की पुढे सरके. आईच्या कपाळावर घाम येई. न बोलणं हे एवढं अंगमेहनतीचं काम असतं हे तिला धुलाईघरातही कळलं नव्हतं.

मग आईने पाठ फिरवायची तो दिवस आला. ती आरशाकडेही न बघता भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मागे मोज्याची सळसळ झाली. मग काहीच नाही. खूप वेळ काहीच नाही.

“आई.”

आईचे खांदे हलले.

“आई, तू बोलत का नाहीस? रुसलीस?”

आई तडक व्हरांड्यात गेली. पाऊलबाई बाहेर आल्या तेव्हा ती खांबाला टेकून दोन्ही तळव्यांनी डोळे दाबत होती.

“रुसले नाही एवढं तरी सांगू द्या की मला, बाई! माझी मुलगी आहे ती.”

“सांगा ना. पोटभर सांगा. पण मोजा हातात घ्यायच्या आधी सांगा, नाहीतर पट्टा लागल्यावर सांगा. मधे नाही.”

“तुम्हाला बोलायला काय जातं,” आई फटकन म्हणाली आणि लगेच ओशाळली.

“काही जात नाही,” पाऊलबाई म्हणाल्या. मग, तिच्याकडे न पाहता, त्या पुढे म्हणाल्या, “मलाही कुणी ‘हं’ म्हणायचं, बाई. मी अजून मधेच थांबते. हिचं तसं नको व्हायला.”

आई आत गेली, मुलीच्या कानाशी लागून बराच वेळ काहीतरी सांगत राहिली. काय ते पाऊलबाईंनी ऐकलं नाही.

पाळी सुरू होण्याच्या आदल्या दिवशी आईने व्हरांड्यातच थांबायचं ठरलं. दार लोटलेलं. खोलीत मुलगी, आणि खिडकीशी, पाठमोऱ्या, पाऊलबाई. साचेकाकांनी आपलं यंत्र बंद ठेवलं होतं. विचारल्यावर म्हणाले, “बिघडलंय जरा,” आणि नजर चुकवली.

“आज कुणी बघणार नाही,” पाऊलबाई म्हणाल्या. “झालं की दारापर्यंत चालत जा. नाही झालं तर बसून राहा.”

मग खिडकीबाहेरचं आभाळ आणि मागचे आवाज, एवढंच उरलं. मोजा चढला. तळहात त्यावरून फिरला. खोबणीत पाय सरकल्याचा तो ओळखीचा, हवा दाबली गेल्यासारखा सुस्कारा. टेबल करकरलं, मुलगी उभी राहिली असावी. पट्टा ओढल्याचा आवाज आला. आणि सगळं थांबलं.

एवढ्या जवळ येऊन थांबलं.

धूळ उजेडात लोंबकळत राहिली. पाऊलबाईंच्या घशात तो एवढासा आवाज येऊन बसला. ओठही उघडावे लागत नाहीत त्याला. नुसता श्वास नाकाने सोडला की तो होतो. दाराबाहेरही कुणीतरी तसाच श्वास धरून उभं आहे, हे त्यांना भिंतीतून जाणवत होतं. त्यांनी खिडकीचा गज घट्ट धरला.

मग चर्रकन पट्टा सुटला. टेबल पुन्हा करकरलं, आणि पाय निघाल्याचा, फरशीवर टेकल्याचा आवाज आला.

संपलं, पाऊलबाईंना वाटलं. बसली बिचारी. दुसऱ्या गावातलं एक घर, जीव लावणारी मावशी, सकाळी सकाळी कुणाच्या तरी ओठांकडे लागलेली हनुवटी, हे सारं त्यांच्या डोळ्यांपुढून पाण्याखालच्या चित्रासारखं हलत गेलं. वळावं का? त्या वळणार, एवढ्यात तळहात कापडावरून फिरल्याची सळसळ झाली. या वेळी सावकाश, पुन्हा पुन्हा. मग तो सुस्कारा. मग करकर. मग पट्टा. आणि मग दांड्यांना न धरता, आरशात न बघता, फरशीवरून दाराकडे जाणारी पावलं, एक हलकं, एक जड.

“काय झालं होतं गं मधे?” त्यांना राहवलं नाही.

“मोज्याला घडी पडली होती,” मुलगी न थांबता म्हणाली. एवढंही कळत नाही का, असा त्यात सूर होता. “टोचत होतं. म्हणून काढून परत घातला.”

पाऊलबाई तिच्या पाठीकडे बघत राहिल्या. चुकलं तर उलटं फिरून पुन्हा पहिल्यापासून यायचं, ही पायरी भिंतीवरच्या चित्रांत नव्हती, गाण्यात नव्हती, आईच्या ‘हं’मध्येही नव्हती.

दार उघडलं. मुलगी समोर चालत येताना पाहून तिचे गुडघे आपसूक वाकले, सवयीने हात पट्ट्याकडे गेले.

“झालंय ते, आई,” मुलगी म्हणाली आणि तिच्या बाजूने निघून, व्हरांड्यातून साचेकाकांच्या दाराकडे दाखवायला गेली.

आतून काकांचं “या सरकार, या!” ऐकू आलं. त्यांचं बिघडलेलं यंत्र लगेच सुरू झालं.

आई तशीच वाकलेली होती. रिकामे हात, मुलीचा गुडघा जिथे असायला हवा होता त्या उंचीवर. पाऊलबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. अशा वाकलेल्या आया त्यांनी या व्हरांड्यात पुष्कळ पाहिल्या होत्या. सरळ व्हायला प्रत्येकीला वेळ लागतो. त्यांनी हात पुढे केला नाही, काही म्हटलंही नाही. फक्त, ती उभी राहीपर्यंत, तिथून हलल्या नाहीत.