काळ्या रंगातली रूपी

तलासरीच्या बाजारातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या तुषारने रंगवलेल्या. त्याचा हात कधी अडला नव्हता. स्वतःच्या मुलीचं चित्र काढायला बसला, तेव्हा मात्र अडला.

झरी गावाला भूकंपाचे धक्के नवे नव्हते. पण त्या संध्याकाळी घराची मागची भिंत आत कोसळली आणि तुषारची आई बायजी नातीसकट भिंतीखाली सापडली. लोकांनी माती उपसली, तेव्हा सात वर्षांच्या रूपीने आजीचा थंड हात घट्ट धरून ठेवला होता. म्हातारी भिंत पडताक्षणीच गेली, असं सगळे म्हणाले. तुषारनेही तेच मनाशी धरलं.

तेव्हापासून रूपी बोलेना. घरात पाऊल टाकेना. दिवसभर अंगणातल्या ताडपत्रीखाली बसून राही. डहाणूला दवाखान्यात नेऊन दाखवलं, हाड कुठंच मोडलेलं नव्हतं. शेजारी म्हणत, "पोर वाचली, आणखी काय पाहिजे?" पोरीचं काय होतंय ते तुषारला दिसत होतं, पण सांगता येत नव्हतं.

म्हणून त्याने ते अंगणातच एका पांढऱ्या पत्र्यावर रंगवायला घेतलं. पिवळा फ्रॉक, लाल रिबीन. बायको वर्षा बघून म्हणाली, "ही तर जत्रेला निघालीय!"

त्याने पत्रा पुसून पुन्हा पांढरा केला आणि फक्त काळ्या रंगाचा डबा उघडला. कुठे पातळ, कुठे दाट. आवळलेले ओठ उतरले, न मिटणारे डोळे उतरले. या वेळी वर्षा तोंडाला पदर लावून आत गेली.

रूपी उठून चित्रापाशी आली. तिने ब्रश उचलला आणि चेहऱ्याभोवतीची पांढरी जागा काळी करायला लागली.

"बाय, काय करतेस?" तुषारने विचारलं.

"असं होतं तिथं." आवाज घोगरा, घासून आल्यासारखा. "आजी सांगत होती, बाबा येतोय, बाबा येतोय. मग गप झाली."

तुषारचा पुढे आलेला हात तसाच राहिला. रूपीने गाल झाकले, कपाळ झाकलं. एकच डोळा उरला.

"तू कुठं होतास?"

"तलासरीला. पाटी रंगवत होतो."

ती त्याच्याकडे बघत राहिली.

वर्षाने आतून जेवायला हाक मारली. रूपी हलली नाही. तुषारही उठला नाही. शेवटी वर्षानेच तिघांची ताटं ताडपत्रीखाली आणली.