कुपीतलं पाणी

"पाणी कुठलं होतं?" फादरनी दुसऱ्यांदा विचारलं.

"इंजेक्शनचं औषध विरघळवायला वापरतो ते," मी म्हटलं. "काचेच्या कुपीतलं. जंतू मारलेलं. तुमच्या चर्चमधल्या पाण्याहून नक्कीच स्वच्छ."

फादर हसले. बाळंतिणींच्या वॉर्डात छत्तीस वर्षं काढून माझी जीभ जरा तिखट झाली आहे, आणि पुढच्या आठवड्यात मी निवृत्त होणार होते, मग भीड कुणाची ठेवायची? तरी एक कोडं होतंच. सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट यांच्यापर्यंत पोचली कशी? त्यांच्याबरोबर आलेली तरुणी दाराशीच उभी होती. चर्चमधली कारकून असेल, असं मी धरून चालले.

"सगळं सांगा," फादर म्हणाले. "मला नोंद करायचीय."

मी सांगितलं. मुलगी सातव्या महिन्यातच झाली. निळी पडलेली, रडेचना. डॉक्टर तिच्याशी झटत होते, पण त्यांचा चेहरा उतरला होता. आईची वार अजून पडायची होती आणि ती टेबलावरून मलाच हाका मारत होती. "सिस्टर, फादर येईपर्यंत ही राहायची नाही. तुम्हीच पाणी घाला." मी म्हटलं, "अहो, मी तुमच्यातली नाही." ती म्हणाली, "तरी चालतं. मी सांगते तसं म्हणा." मी कुपीची मान मोडली आणि तिच्या मागून एकेक शब्द म्हटला. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने मी तुला बाप्तिस्मा देते.

"तेव्हा तुमच्या मनात काय होतं?"

"तिच्या आईला जे हवंय ते नीट व्हावं. दुसरं काय असणार?"

"तेवढं पुरतं," फादर म्हणाले. "आता शेवटचं. पाणी डोक्यावरून वाहिलं, की नुसतं ओलं बोट लावलंत? ते वाहावं लागतं, सिस्टर. आईच्या पोटातून एक जन्म, पाण्यातून आणि आत्म्यातून दुसरा. दोन्ही एकेकदाच. झाला असेल तर मला परत देता येत नाही. नसेल, तर येत्या रविवारी देतो."

"देतो? कुणाला?"

दाराशी उभी असलेली तरुणी पुढे आली. "मला," ती म्हणाली. "आमचं गाव सुटलं, त्यात नोंद करायची राहून गेली. आई गेल्या महिन्यात वारली. मावशी म्हणते, आईनं मनाच्या समाधानासाठी हे रचलं होतं. आई माझ्याशी खोटं बोलली का, एवढंच मला कळू दे."

मी स्टुलावर बसले. दुसऱ्या दिवशी मी ड्युटीवर आले तेव्हा तिला ठेवलेली काचेची पेटी रिकामी होती आणि आत नवी चादर घातलेली होती. मोठ्या हॉस्पिटलात हलवलं असेल, असंही असू शकतं, पण मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं. सव्वीस वर्षं ही मुलगी माझ्या हिशेबी मेलेली होती, आणि ती तर समोर उभी राहून ओढणीचं टोक पिळत होती.

"वाहिलं," मी म्हटलं. आवाज माझा नेहमीचाच निघाला, याचा मला अभिमान वाटला. "कपाळावरून उजव्या कानाकडे. कानात जाऊ नये म्हणून मी असा हात आडवा धरला होता. बाही भिजली माझी. तुझी आई खोटं बोलली नाही."

मुलीनं डोळे पुसले. फादरनी जाडजूड वही उघडली. बाप्तिस्मा देणाऱ्याच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत सगळे फादरच होते. त्यांच्याखाली त्यांनी माझं नाव लिहिलं आणि पुढे लिहिलं, नर्स. पहिले जन्म मी हजारोंनी पाहिले आहेत. दुसरा एकच, आणि त्याची खबर मला आज लागली.

निघताना ती माझ्यासमोर थांबली. मी तिचे केस उजव्या कानामागे सारले.

"तेव्हा पाणी गेलं नव्हतं ना गं कानात?"

"नाही, सिस्टर," ती म्हणाली. "थोडंसुद्धा नाही."