पहारीने तोडलेली सीट

मी एक जुनी पिकअप आहे. मित्रांनो, माझा रंग निळा होता, पण हल्ली ते लोकांना सांगावे लागते. माझी डावी काच वर जात नाही. हॉर्न मात्र अजून खणखणीत आहे. आत डोकावलात तर तुम्हाला दोन सुट्या सीटा दिसतील. त्या माझ्या जन्माच्या नव्हेत. त्या माझ्याकडे कशा आल्या ते आज सांगते. गोष्ट मारामारीची आहे, तेव्हा जरा घट्ट बसा.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्यात बाकासारखी एकच लांब सीट होती. मला एका सुताराने घेतले. तो दारे, खिडक्या, कपाटे बनवी आणि मी ती घरोघर पोचवी. त्याला तीन मुले. थोरल्याचा हात लाकडावर बसलेला होता, धाकट्याचा स्टिअरिंगवर. मधली मुलगी गाड्यांच्या सीटा शिवण्याचे दुकान चालवी, म्हणून सगळे तिला सीटवाली म्हणत. माल पोचवायला निघालो की धाकटा मला चालवी, थोरला दाराशी बसे आणि सुतार दोघांच्या मध्ये. पोरांची भांडणे त्याच्या खांद्यांवर आपटून तिथेच विरत. किती सुखाचे दिवस होते ते!

एका दुपारी सुतार घरातच कोसळला. त्या वेळी धाकटा मला घेऊन दूरच्या एका गावी दारे उतरवत होता. थोरला कामावरून धावत आला, घरात न शिरताच गाडीसाठी गल्लीभर फिरला, आणि गाडी घेऊन पोचेपर्यंत सगळे संपले होते. जमलेल्यांपैकी कोणीतरी म्हणाले, "वेळेवर गाडी मिळाली असती तर माणूस वाचला असता." बोलणारा बोलून निघून गेला. ते वाक्य मात्र थोरल्याच्या काळजात रुतले.

पंधरा दिवसांनी धाकट्याने मला बाहेर काढताच थोरला लाकूड कोरायची पटाशी घेऊन आत घुसला. जिथे बाप बसायचा नेमके तिथेच त्याने ती मुठीपर्यंत खुपसली आणि सीट टरटर फाडली.

"त्या दिवशी ही गाडी दारात हवी होती!" तो ओरडला.

"मला काय स्वप्न पडलं होतं?" धाकटा म्हणाला आणि त्याने थोरल्याची मान धरून त्याचे डोके माझ्या उजव्या दारावर आपटले. तो पोचा अजूनही आहे.

त्यानंतर तीन महिने दोघे रोज माझ्यात बसत, कारण धंदा एकच होता. मधली जागा रिकामी असे आणि तिथून फोमचे तुकडे गळत. एकमेकांशी बोलत नसत. राग मात्र माझ्यावर काढत. एक दार आपटी, दुसरा डॅशबोर्डवर बुक्की मारी.

मग तो दिवस आला. आम्ही एक भलेमोठे कपाट घेऊन उतारावरून चाललो होतो. "हळू चालव," एवढेच थोरला म्हणाला.

"तुला येतं का चालवायला? मग गप बस."

"बाबांच्या वेळी अशी घाई केली असतीस तर?"

धाकट्याने एक हात स्टिअरिंगवर ठेवून दुसऱ्या हाताने त्याच्या तोंडावर ठोसा मारला. थोरल्याच्या ओठातून रक्त उडून काचेवर पडले. त्याने धाकट्याचे केस धरले आणि दुसऱ्या हाताने स्टिअरिंग ओढले. मी काय करणार? माझी चाके वळवाल तिकडे वळतात. पुलाचा दगडी कठडा समोरून धावत आला आणि माझे नाक त्यात घुसले. मागचे कपाट केबिनवर आदळून फुटले. डॅशबोर्ड आत आला, सीटची लोखंडी चौकट वाकली आणि धाकट्याचा पाय दोहोंच्या मध्ये चिरडला गेला. त्याची किंकाळी मी विसरू शकत नाही.

थोरला दारासकट बाहेर फेकला गेला होता. तो उठला तेव्हा त्याच्या कपाळातून रक्त वाहत होते. माझ्या डॅशबोर्डखालच्या वायरी एकमेकींना चिकटल्या होत्या आणि तिथून काळा धूर निघू लागला होता. थोरल्याने तो पाहिला. माझ्या मागच्या हौद्यातून त्याने जुन्या दारांच्या चौकटी उखडायची पहार काढली, आत चढला आणि भावाच्या मांडीशेजारी घाव घालू लागला.

पुलापलीकडे आमच्या ओळखीच्या एका पंक्चरवाल्याचे दुकान होते. तिथल्या माणसांनी चालत्या गाडीतली मारामारी पाहिली होती. आता त्यांना रक्ताने माखलेला माणूस पहार चालवताना दिसला.

"अरे, सख्ख्या भावाचा जीव घेतोय! ओढा त्याला!"

चौघांनी त्याला पायांना धरून खाली खेचले आणि लाथाबुक्क्यांनी तुडवायला सुरुवात केली. त्याचा एक दात पडला, दोन बरगड्या मोडल्या. तो सांगायला तोंड उघडी आणि त्याच तोंडावर लाथ बसे. इकडे धुराची ज्वाळा झाली. माझ्या छताचे कापड वितळून थेंबाथेंबाने धाकट्याच्या हातावर पडू लागले.

"सोडा त्याला!" धाकटा आतून गुदमरत ओरडत होता. "त्याला तोडू द्या! दादा, ये रे!"

ते पंक्चरवाल्याने ऐकले. "थांबा, थांबा, आपलं चुकतंय," म्हणत त्याने माणसे बाजूला ढकलली आणि माझ्यावर वाळूच्या बादल्या ओतायला धावला. थोरला रांगत परत आला. उभे राहता येत नव्हते, म्हणून गुडघ्यांवर बसून त्याने घाव घातले. सहाव्या घावाला सीटची चौकट तुटली. माझीच हाडे ती, पण तुटताना मला बरे वाटले. त्याने भावाला काखेत धरून बाहेर ओढले आणि दोघेही रस्त्यावर आडवे झाले.

धाकट्याचा पाय दोन ठिकाणी मोडला होता. वाळूने आग विझल्यावर मला दोरीने ओढत सीटवालीच्या दुकानामागे नेऊन टाकले. तिथे मी चार महिने पडून होते. वाकलेल्या चौकटीत मांजर व्यायली.

दवाखान्यातून आल्यावर केल्याच्या लाजेने दोघे भाऊ एका शब्दानेही बोलले नव्हते. एके सकाळी थोरला तीच पहार घेऊन आला आणि त्याने माझी उरलेली काच फोडली. दुसरा घाव घालणार तोच सीटवाली समोर उभी राहिली.

"आधी मला मार, मग गाडीला."

"बाजूला हो. हिच्यामुळे बाबा गेले."

"कुणामुळे नाही गेले, दादा. मी होते ना त्यांच्याजवळ. पाणी आणायला वळले, तांब्या भरला, परत पाहिलं तर गेलेले. गाडी दारात असती तरी तिला चावी लावायला वेळ नव्हता."

थोरल्याच्या हातातली पहार खाली आली. "मग आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही दोघं एकमेकांच्या नरड्याला लागलेले. बोलू कुठं दिलंत?"

तो तिथेच मातीत बसला आणि लहान मुलासारखा रडला. सीटवालीने त्याला मनसोक्त रडू दिले. मग म्हणाली, "झालं? आता पाना घे."

तिने भंगारातून माझ्याच जातीच्या गाडीच्या दोन सीटा शोधल्या होत्या. डॅशबोर्ड दुसऱ्याच गाडीचा आणि वेगळ्या रंगाचा. नवे फोम, नवे रेक्झिन, छताचे कापड तिने स्वतः शिवले. थोरल्याने माझे पुढचे पत्रे ठोकून सरळ केले, पण जुन्या सीटचे बोल्ट गंजून बसले होते. एक सोडवताना पाना निसटून त्याची बोटे सोलवटली. धाकटा प्लास्टरमधला पाय स्टुलावर ठेवून लांबून पाहत होता. नव्या सीटांची भोके माझ्या पत्र्याशी जुळेनात. थोरल्याने ड्रिल उचलले आणि पत्र्यावर टेकवले.

"दादा, थांब!" धाकटा ओरडला. "तिथं नको. खालून डिझेलचा पाइप गेलाय."

पुलानंतरचे त्यांचे ते पहिले बोलणे. थोरल्याने ड्रिल बाजूला केले. मान वर न करता त्याने विचारले, "मग कुठं?"

"चार बोटं डावीकडे. अजून. हां, तिथं."

तिथे भोक पडले, बोल्ट बसला. सीट पुढेमागे सरकवून पाहायला धाकटा लंगडत आला. आत चढण्याआधी त्याने डॅशबोर्ड हाताने ढकलून पाहिला. थोरल्याने त्याची कोपरे धरून त्याला बसवले. माझ्या नव्या फोमवर बसलेला पहिला माणूस तोच.

मित्रांनो, ते आता भांडत नाहीत असे मी म्हटले तर ते खोटे होईल. पण आवाज चढला की धाकटा मला कडेला घेतो, चावी काढतो आणि दोघे खाली उतरतात. मग रस्त्याच्या कडेला उभे राहून पोटभर भांडतात. परवा इतका वेळ भांडले की माझे इंजिन पार गार झाले. मग दोघे आत बसले आणि आम्ही निघालो.

तुमच्या घरीही एखादी गाडी असेल. तिची सीट फाटली तर शिवून घ्या, दार हळू लावा. आणि माझे एवढे ऐका, राग आला की आधी गाडी थांबवा. आम्हाला स्वतःहून थांबता येत नाही.