उलटी भरलेली विहीर

लेओंतीनबाई रोज सकाळी संग्रहालयाचं दार उघडायच्या आणि अंगातला कोट काढायच्याही आधी काचेच्या पेटीतल्या पोरीला विचारायच्या, "काय गं, झाली का झोप?"

सोलांजला हे अजिबात खपत नसे. बाई त्रेचाळीस वर्षांची. रोमन काळच्या तांबड्या भांड्यांतलं तिच्याइतकं कळणारं माणूस अख्ख्या जिल्ह्यात नव्हतं. पण त्या पेटीपुढून जायची वेळ आली, की तिची मान आपोआप खाली जायची. पेटीत हाडं होती. विहिरीच्या तळाशी सापडली तशीच, मातीच्या ढेपेसकट उचलून आणलेली. गुडघे पोटाशी घेतलेले, एक हात डोक्याखाली, कवटी दाराकडे वळलेली. शेजारी एक तांबडा वाडगा. खाली पाटी होती: 'कुंभाराची लेक. वय अंदाजे वीस. इसवी सनाचं दुसरं शतक.'

सां-ओरेल गावाला या पोरीचा कोण अभिमान! शाळेतली मुलं तिला रानफुलं आणून द्यायची. बेकरीवाल्याने तर तिच्या नावाचा केक काढला होता, आणि तो खपायचासुद्धा. सोलांजने तो आजवर तोंडात घातला नव्हता. पेटी आली त्या दिवसापासून तिला वाटे, ही मेलेली बाई दाराकडे बघत कुणाची तरी वाट बघतेय.

"हाडांना कसली आलीय झोप, लेओंतीनबाई?" ती चिडून म्हणायची.

"तुला काय करायचंय? दिवसभर मी एकटी बसते इथे. निदान ती उलट तरी बोलत नाही, तुझ्यासारखी!"

लेओंतीनबाई साठीच्या. संग्रहालय उघडलं त्या दिवसापासून तिकिटाच्या टेबलाशी त्याच. लग्न केलं नाही, म्हणजे कुणी केलं नाही त्यांच्याशी. त्यांची थोरली बहीण आर्मांद चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात नाहीशी झाली. जर्मन सैन्य गाव सोडून पळत होतं, त्याच आठवड्यात. गावाने लगेच सांगून टाकलं, की गेली एका शिपायाचा हात धरून. आईने मरेपर्यंत रात्री दाराला कडी घातली नाही, आणि चौदा वर्षांची लेओंतीन 'जर्मनाच्या ठेवलेलीची बहीण' होऊन बसली ती कायमची. गाव म्हणजे गाव. त्याच्या तोंडाला कोण हात लावणार?

तर त्या नोव्हेंबरात नगरपालिकेच्या मनात आलं, की संग्रहालयाला वीस वर्षं झाली, आता विहिरीवर एक चांगलं पुस्तक निघालं पाहिजे. विहीर खणली होती सोलांजच्या वडिलांनी, गास्तों मास्तरांनी. शाळामास्तर माणूस, पण तांबड्या भांड्यांचं वेड असं, की पॅरिसचे प्राध्यापक त्यांच्या स्वयंपाकघरात बसून शंका विचारायचे. अडुसष्ट साली नवा रस्ता विहिरीवरून जाणार होता म्हणून मास्तरांनी घाईने खोदकाम केलं. पुस्तकाचं मात्र नेहमी "बघू, बघू". आता ते सत्तरीला आले होते आणि दृष्टी जवळजवळ गेली होती. म्हणून विहिरीतली सगळी खापरं लावून, आकार ठरवून, काळ सांगायचं काम लेकीकडे आलं.

या विद्येचं मर्म तसं साधं आहे. भांड्याचा घाट बदलत जातो. सासूची कढई आणि सुनेची कढई एकसारखी नसते, तसंच. शंभरेक वर्षांपूर्वी एका जर्मन पंडिताने या घाटांना नंबर देऊन ठेवले, आणि तेव्हापासून ही मंडळी भांड्यांना नंबरानेच हाक मारतात. एकोणतीस म्हणजे खांद्याला धारदार मोड असलेला वाडगा, सगळ्यात जुना. सदतीस म्हणजे नुसता गोल वाडगा, त्याच्यानंतरचा. आणि पंचेचाळीस म्हणजे वाटणाचं जाड काठाचं भांडं, ज्याच्या कडेला सिंहाचं तोंड असतं, ते सगळ्यात उशिराचं. अख्खं भांडं लागत नाही. काठाचा बोटभर तुकडा पुरतो, शितावरून भाताची परीक्षा. विहिरीत आधी पडलं ते तळाशी, नंतरचं वर. म्हणजे तळाशी एकोणतीस, मध्ये सदतीस, वर पंचेचाळीस. यात चुकायचं काय?

संग्रहालयामागच्या खोलीत सोलांजने लांब टेबल मांडलं. बाहेर धुकं इतकं दाट, की अंगणातला पंपसुद्धा दिसेना. धुतलेली खापरं वाळताना टिक् टिक् वाजायची. रोजचाच आवाज, पण या खेपेला तो तिच्या पाठीशी वाजे. दोनदा तिने मागे वळून पाहिलं. मग स्वतःलाच शिव्या घालत खुर्ची फिरवून दाराकडे तोंड करून बसली.

प्रत्येक खापरावर मास्तरांनी काळ्या शाईने, मुंगीएवढ्या अक्षरांत, ते किती खोलीवर सापडलं ते लिहिलं होतं. सोलांजने खोलीप्रमाणे रांगा लावल्या. तळाची रांग तिच्या जवळ, वरची लांब. रांगा पुऱ्या झाल्या आणि ती नुसतीच बघत राहिली.

तळाच्या रांगेत सिंहाची तोंडं होती. पोरीच्या हाडांलगतच्या मातीतून निघालेली. मध्ये गोल वाडगे. आणि सगळ्यात वर, जमिनीच्या हातभर खाली, खांद्याला धार असलेले जुने एकोणतीस.

"हे काय उलटंच!" ती मोठ्याने म्हणाली. पेट्या बदलल्या असतील म्हणावं, तर शाई पेट्यांवर नाही, खापरांवर होती, आणि अक्षर वडिलांचं. मास्तर स्वतःच्या लग्नाची तारीख विसरले असते, खापराची खोली चुकले नसते.

अख्खी विहीर आपोआप उलटी होत नाही. कुणीतरी उपसावी लागते. उपसताना वरची माती आधी निघते, ती काठाजवळ पडते, आणि तळाची माती शेवटी, लांब नेऊन टाकावी लागते. परत बुजवताना घाई असली, की माणूस जवळची माती आधी लोटतो. मग वरचं जातं तळाला आणि तळाचं येतं वर. म्हणजे कुणीतरी ती उपसली, पोरीला आत टाकलं, आणि घाईघाईने बुजवली. पण कधी?

तळाच्या पेटीत अजून एक पुडी उरली होती. सोलांजने ती उघडली. आत पांढऱ्या चिनी मातीचा तुकडा होता, निळ्या काठाचा, बाहेरून पैलू पाडलेला. असल्या वाडग्यातून सोलांजच्या आजीने जन्मभर कॉफी प्यायली होती. घाटावरूनच कळत होतं, युद्धाच्या आधीचा. तोही धुतलेला होता. त्याच्यावरही मुंगीएवढ्या अक्षरांत खोली घातलेली होती, विहिरीतली सगळ्यात खालची.

भिंतीपलीकडून लेओंतीनबाईंचा आवाज आला. शाळेच्या मुलांना त्या सांगत होत्या, "पुढे या, वाकून बघा. दात बघा कसे मोत्यासारखे! अठराशे वर्षं झाली, एक पडला नाही." सोलांजने दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली.

दुपारी घरी मास्तर मसुराच्या ताटलीपुढे बसले होते. सोलांजने शेजारी बसून त्यांच्या तळहातावर एक खापर ठेवलं. त्यांचा अंगठा काठावरून फिरला आणि चेहरा खुलला.

"एकोणतीस. खांदा बघ काय सुरेख मोडलाय! कुठला?"

"विहिरीतला. सगळ्यात वरचा."

अंगठा थांबला. सोलांजने ते काढून घेतलं आणि पांढरा तुकडा ठेवला. त्यांनी तो चाचपला, पैलू मोजल्यासारखी बोटं फिरली.

"याला नंबर नाही, बाबा."

"मसूर गार होतायत," मास्तर म्हणाले.

"होऊ देत. ती आर्मांद आहे ना?"

मास्तर बोलले ते एकदम, जणू कुणी विचारायचीच वाट बघत होते. "आम्ही जर्मनांशी लढायला रानात लपलेली पोरं. हत्यारं ठेवायला ती जुनी विहीर आम्हीच उपसली होती. मग आमचे दोघं पकडले गेले, गोळ्या घातल्या त्यांना. कुणीतरी म्हणालं, आर्मांदने चुगली केली, ती जर्मनांच्या कचेरीत कपडे पोचवते ना. मी म्हटलं, विचारून तर बघू. पण तोवर... मी गोळी नाही झाडली, सोलांज. मी माती लोटली."

"आणि केली होती तिने चुगली?"

"नाही. चार महिन्यांत कळलं, दुसऱ्यानेच केली होती." त्यांनी डोळे पुसले. "मग आम्ही सगळेच गप्प बसलो. गाव म्हणत होतं जर्मनाबरोबर पळाली, तर म्हटलं, म्हणू दे."

"म्हणू दे? लेओंतीनबाईंची आई दार उघडं टाकून झोपायची, बाबा!"

"माहीत आहे मला! रोज त्या दारावरून शाळेत जायचो मी." त्यांनी ताटली लांब सारली. "रस्त्याचं काम निघालं तेव्हा वाटलं, दुसऱ्या कुणी खणलं तर संपलंच. म्हणून मीच खणायला घेतलं. शेवटच्या दिवशी सगळ्यांना जेवायला पाठवलं आणि एकटा खाली उतरलो. बुटांचे खिळे, बटणं, सगळं काढून नदीत टाकलं. शेजारी वाडगा ठेवला. वाटलं, पेटीत घालून माळ्यावर ठेवून देईन. पण महापौर काचेची पेटी करून घेऊन आले, बँड लावला. डॉक्टरनेही पाहिलं, पण गास्तों मास्तर म्हणाले रोमन, म्हणजे रोमन. माझ्यावर शंका कोण घेणार?"

"मग खापरांवर खरी खोली का लिहिलीत? हा पांढरा तुकडा तरी फेकायचात."

मास्तरांनी तुकडा मुठीत धरला. "माणसाबद्दल खोटं बोललो गं. पण भांड्याबद्दल जमेना. हात चालेना माझा."

सोलांजला त्यांचा इतका राग आला, की ताटली भिंतीवर फेकावीशी वाटली, आणि इतकी दया आली, की त्यांचं डोकं पोटाशी धरावंसं वाटलं. तिने दोन्हींतलं काहीच केलं नाही. या माणसाने तिला बोट धरून काठ ओळखायला शिकवलं होतं. आज तेच शिक्षण त्याच्या अंगावर उलटलं होतं.

"मी जाईपर्यंत थांब," ते म्हणाले. "फार दिवस नाहीत. मग हवं ते सांग. गाव माझ्या मढ्यावर थुंकू दे, पण तोंडावर नको."

"आणि तोवर लेओंतीनबाईंनी काय करायचं? रोज तिच्याशेजारी बसून तिकिटं फाडायची?"

सोलांज उठली, खुंटीवरून कोट काढला. दारात पोचली तेव्हा मागून म्हातारा म्हणाला, "तिला सांग, मी नाव घेतलं होतं. माती लोटताना. आर्मांदचं नाव घेतलं होतं." हे सांगायचं की नाही ते सोलांजला रस्ताभर ठरवता आलं नाही.

संग्रहालयात कुणी नव्हतं. लेओंतीनबाई टेबलाशी लोकर विणत होत्या. सोलांजने खुर्ची ओढली, त्यांचे हात हातात घेतले, आणि सांगून टाकलं. विहीर, माती, पांढरा तुकडा, रानातली पोरं. चुगली आर्मांदने केली नव्हती, हे दोनदा सांगितलं. आणि "बाबा होते त्यांत", हेही सांगितलं. मास्तरांनी घेतलेलं नाव मात्र तिने आपल्याजवळच ठेवलं. असल्या गोष्टीने बाईंचं काय भलं होणार होतं?

लेओंतीनबाई रडल्या नाहीत. त्यांनी हात सोडवून घेतले, उठल्या आणि पेटीजवळ गेल्या. रोज पुसायच्या त्याच काचेवर हात टेकून त्या वाकून बघत राहिल्या, खूप वेळ. सोलांजही त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली, आणि जन्मात पहिल्यांदा तिने त्या कवटीकडे मान वर करून पाहिलं. भीती नव्हती आता. नुसती लाज वाटत होती.

"पुढचा एक दात वाकडा होता ताईचा," लेओंतीनबाई म्हणाल्या. "हा बघ. इतकी वर्षं बघतेय मी तो. मला वाटायचं, किती आपल्या माणसासारखी वाटते ही पोर." त्यांनी बाहीने काच पुसली. "आई पंधरा वर्षं इथे यायची गं, रविवारी, मला डबा घेऊन. इथेच बसून जेवायचो आम्ही. हिच्यासमोर. आणि आई मला म्हणायची, आर्मांदचं एक पत्र तरी यावं."

सोलांजने बाईंच्या खांद्यावर हात ठेवला, तो त्यांनी झटकला नाही.

तेवढ्यात दार ढकलून एक जोडपं आत आलं, कुठल्या तरी लांबच्या शहरातलं, पावसाळी बूट आणि गळ्यात कॅमेरा. "कुंभाराची लेक इथेच ना?" नवऱ्याने हसत विचारलं. "दोन तिकिटं द्या, मादाम."

लेओंतीनबाई काचेपासून वळल्या. त्यांनी ताठ उभं राहून झग्याच्या सुरकुत्या सारख्या केल्या.

"आज बंद आहे," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे मयत झालीय."